बदामाचा चुरा

गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला मी एकशे चौदा नंबरची नळी उचलली आणि लेबलावर ताईचं नाव दिसलं. आमच्या लॅबमध्ये रोज तीनशेच्या वर नळ्या येतात, जांभळ्या झाकणाच्या, करड्या झाकणाच्या, पिवळ्या. मी नावं वाचत नाही. वाचायची गरजच नसते, बारकोड मशीन वाचतं. आपण रक्त पुरेसं आहे का, गोठलं तर नाही ना, एवढंच बघायचं. पण हे लेबल तिरकं चिकटलं होतं, मशीनला ते वाचता येईना, म्हणून मला सगळं हाताने टाकावं लागलं. तिचं नाव, मधे बाबांचं नाव, मग आमचं जुनं आडनाव, जे मी लग्नानंतर सोडलं आणि तिच्यावर सोडायची वेळ आली नाही. वय बावन्न. स्त्री. उपाशीपोटी. नळी हातमोज्यातून किंचित कोमट लागली. ती कोमट असणं शक्य नव्हतं, नमुने खालून थंड पेटीतून वर येतात. तरी मला ती कोमट लागली, आणि मी ती जरा जास्तच वेळ धरून उभी राहिले. नऊ वर्षांत मी ताईच्या इतकी जवळ आले नव्हते.

चाळीस मिनिटांनी आकडे आले. उपाशीपोटीची साखर दोनशे अडुसष्ट. गेल्या तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा अकरा पूर्णांक दोन. साडेसहाच्या पुढे गेला की आम्ही मधुमेह म्हणतो. पडद्यावर दोन्ही आकडे लाल झाले होते. मी दोन्ही तपासण्या पुन्हा लावल्या. असं करायचं असतं, नियमच आहे, पण मी नियमासाठी लावल्या नाहीत. मशीनचं काहीतरी बिनसलं असावं, असं मला मनापासून वाटत होतं. मशीन ठणठणीत होतं. दुसऱ्या वेळी अकरा पूर्णांक एक आला. शेजारी बसणारी पोरगी म्हणाली, "मॅडम, कुणी ओळखीचं आहे का?" मी "नाही" म्हणाले. तोंडातून इतकं पटकन गेलं की माझं मलाच दचकायला झालं. ताईला ओळख न दाखवण्याचा माझा हात असा बसलेला आहे.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. बाबा आधीच गेले होते, आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची आणि ती एकोणीसची. त्या महिन्यातच ती एका इटालियन हॉटेलच्या स्वयंपाकघरात लागली, आधी भांड्यांवर, मग कांदे-लसूण सोलायला, मग हळूहळू चुलीपाशी. मला ती खारूताई म्हणायची, कारण मी सतत काहीतरी कुरतडत असायचे, पेन्सिली, नखं, फ्रॉकचा गळा. "आपल्या घरात माणसं दोन आणि ताया पण दोन," असं ती शेजारणींना सांगायची. दर रविवारी दुपारी हॉटेलची पहिली गर्दी ओसरली की ती तासाभरासाठी घरी यायची आणि ॲल्युमिनियमच्या डब्यात चिकन पार्मिजाना आणायची. तळताना कड तुटलेले, आकार बिघडलेले तुकडे स्वयंपाकघरातल्या माणसांना मिळायचे. कोंबडीची छाती कुटून पातळ केलेली, मैदा, अंडं आणि पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेली, वर टोमॅटोचा लाल रस्सा, त्यावर वितळून ताणलेलं चीज, खाली स्पगेटीचा गुंता. मी आधी सगळं कवच सोलून ताटाच्या कडेला ठेवायचे आणि शेवटी खायचे. ताई समोर बसून बघायची. तिला भूक नसायची. तिला भूक का नसायची याचा विचार मी तिशी ओलांडल्यावर केला.

शनिवार गेला, मंगळवार गेला, पुढचा गुरुवार आला. खाली काउंटरवर एक काका बसतात, त्यांच्याकडे चहाच्या निमित्ताने गेले आणि सहज विचारल्यासारखं करून न नेलेल्या रिपोर्टांचा ट्रे चाळला. ताईचा लिफाफा तिथेच होता. "ह्या बाई आल्या नाहीत का हो?" काका म्हणाले, "रिपोर्टची घाई लोकांना असते ती चांगल्या रिपोर्टची. दोनदा फोन केला मी. येते येते म्हणाल्या." आमच्याकडे नियम कडक आहे: वर बसणाऱ्याने पेशंटला काही कळवायचं नाही, स्वतःच्या नातेवाइकाला तर नाहीच. मी लिफाफा परत ठेवला. वर येऊन बसले, पण समोरच्या नळ्यांमध्ये लक्ष लागेना. लिफाफ्यावर त्यांनी फोन नंबर लिहिला होता. मला तो बघायची गरज नव्हती. तो माझ्या फोनमध्ये होता, नव्या वर्षाला दोन शब्द पाठवण्यापुरता, आणि तिकडूनही दोनच शब्द यायचे.

आमचं भांडण असं झालंच नाही, म्हणून ते मिटवताही आलं नाही. लग्नाला वर्ष झालं होतं, सासूबाई आणि नवऱ्याचे साहेब, साहेबांची बायको, असे सगळे आमच्याकडे जेवायला होते. ताईही होती, मीच बोलावलं होतं. ती थेट कामावरून आली. केस धुतले होते, बरी साडी नेसली होती, तरी तिच्या अंगाला लसणाचा आणि तळणाचा वास होता, तो तिच्या कातडीतच मुरलेला आहे. साहेबांच्या बायकोने विचारलं, "तुमच्या ताई काय करतात?" आणि मी म्हणाले, "हॉटेलात मॅनेजर आहे." ताई शेजारीच पाणी ओतत होती. ती हसून म्हणाली, "हो ना. कांद्यांची मॅनेजर. लसूण पण माझ्याच हाताखाली येतो." सगळे खूप हसले, सासूबाईही हसल्या. ताईने सगळ्यांबरोबर नीट जेवण केलं, भांडी विसळून ठेवली, निघताना माझ्या गालाला हात लावला. मग ती आली नाही. मी बोलावलं की काम असायचं. नंतर मी बोलवायचं थांबवलं आणि मनातल्या मनात तिलाच दोष देत राहिले, की एवढ्याशा शब्दाचं एवढं काय. तो शब्द एवढासा नव्हता हे मला त्या क्षणीच कळलं होतं, तो जिभेवर होता तेव्हाच.

शुक्रवारी दुपारी गच्चीच्या जिन्यात उभं राहून मी फोन लावला.

"हॅलो."

"ताई, मी."

"मी कोण?"

"खारू."

पलीकडे धूर ओढणाऱ्या पंख्याचा घरघराट होता. कुणीतरी मोठं पातेलं जमिनीवर ठेवलं. मग ती म्हणाली, "कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं गं. जेवायला येशील का, विचारायला केला."

"असंच?"

"असंच."

"नऊ वर्षांनी असंच," ताई म्हणाली. रागाने नाही, भाजीचं वजन सांगावं तसं. "रविवारी जमत नाही. सोमवारी आमचं बंद असतं."

"मग सोमवारी ये. सातला. मी रजा टाकते."

"काय करणारेस?"

मी काही ठरवलं नव्हतं. जिन्यात तोंडाला आलं ते म्हणाले, "चिकन पार्मिजाना."

मग ती म्हणाली, "तू?" आणि हसली.

शनिवारी सकाळी मी कागद घेऊन बसले. मला लॅबमध्ये ज्या पद्धतीने विचार करता येतो त्याच पद्धतीने मी तो पदार्थ सोडवायला घेतला. मैदा, पावाचा चुरा, स्पगेटी, आणि रश्श्यातली साखर; टोमॅटो आंबट असले की ताई चमचाभर साखर टाकायची, आणि टोमॅटो नेहमीच आंबट असायचे. एका ताटात सगळं मिळून शंभर ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. तिला एका जेवणात तीस-पस्तीस झेपेल, त्याहून कमी असेल तर उत्तमच. म्हणजे जवळजवळ सगळा पदार्थच काढून टाकायचा होता. उरत होती कोंबडी, अंडं, चीज, टोमॅटो आणि लसूण. कागदाकडे बघता बघता मला डब्याचं झाकण दिसायला लागलं, आतून वाफेने ओलं झालेलं, आणि ते उघडताना ताईच्या मनगटावर असलेले तेलाचे जुने पांढरे ठिपके. मी सोलून ठेवायचे ते कवच म्हणजेच माझ्यासाठी तो पदार्थ होता. नेमकं तेच तिला आता चालणार नव्हतं.

चुऱ्याऐवजी बदाम घेतले. पहिल्यांदा अगदी बारीक दळले, तर त्यांना तेल सुटून त्यांचा लगदा झाला, आणि तव्यावर टाकताच कवच कोंबडीवरून निसटून बाजूला जाऊन बसलं. नवरा परगावी होता, नाहीतर ते बघून त्याने हसून घेतलं असतं. मी उभ्याउभ्याच तो तुकडा खाल्ला. कोंबडी कोरडी, बदाम कडू. दुसऱ्यांदा मांस कागदाने टिपून पार कोरडं केलं, फक्त अंड्याचा पांढरा भाग फेटून लावला, बदाम रव्यासारखे भरड ठेवले आणि त्यात जुनं, कडक चीज किसून मिसळलं. घोळवून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलं. आता ते धरलं. कडेला रंगही आला, मला हवा होता तो नाही, पण त्याच्या नात्यातला. टोमॅटो अर्धे चिरून ओव्हनमध्ये भाजायला ठेवले, दीड तास मंद आचेवर, म्हणजे त्यांच्यातलं पाणी जाऊन त्यांची स्वतःची गोडी वर येईल. स्पगेटीच्या जागी झुकिनीच्या, काकडीसारख्या दिसणाऱ्या त्या विलायती भाजीच्या, लांब फिती सोलून, मीठ लावून पिळून घेतल्या. प्रत्येक गोष्ट काट्यावर तोलली. एका ताटात चौदा ग्रॅम कर्बोदकं. चौदा हा आकडा मी कागदावर लिहिला, त्याखाली रेघ मारली आणि मला एकदम रिकामं वाटलं. आईच्या आजारात ताई एकोणीस वर्षांची होती, तिच्याकडे काटा नव्हता, कागद नव्हता, कुणी सांगणारं नव्हतं. आणि तरी आई गेली त्या दिवशीसुद्धा मी जेवले होते. काय जेवले ते आठवत नाही. गरम होतं एवढं आठवतं.

सोमवारी ती सातला पाच कमी असताना आली. दार उघडलं आणि मला वाटलं, चुकीच्या माणसासाठी दार उघडलंय. ती निम्मी झाली होती. खांदे होते तेवढेच, पण त्यांवरून कुडता आत बाईच नसल्यासारखा लोंबत होता. केस तसेच घट्ट बांधलेले. वास तोच. मला तिच्या खांद्यावर डोकं टेकून तो वास घ्यायचा होता आणि मी म्हणाले, "ये, चप्पल इथेच काढ." तिच्या एकाच पायात चप्पल होती. आम्ही दोघींनी एकदमच ते पाहिलं. दुसरी जिन्यात, एक मजला खाली पडली होती. "कळलंच नाही बघ," ती म्हणाली. मी खाली जाऊन ती घेऊन आले. वर येईपर्यंत मला जे कळायचं ते कळलं होतं. साखरेने नसा मेल्या की पायाला चप्पल सुटल्याचं कळत नाही, आणि ते काही एका महिन्यात होत नाही, त्याला वर्षं लागतात.

ती तीन ग्लास पाणी प्यायली. मी मोजले. मोजू नये असं ठरवलं होतं. ती घर बघत फिरली, पडद्यांना हात लावला, नवऱ्याची चौकशी केली, सासूबाई गेल्या तेव्हा यायला हवं होतं म्हणाली. मग नाक वर करून स्वयंपाकघरात शिरली. "लसूण एक पाकळी जास्त झालाय."

"दोन."

"मला खूश करायला म्हणतेस."

वरचं चीज वितळायला ठेवलं होतं, त्या ओव्हनची घंटा वाजली. मी हातमोजा शोधत होते तोवर तिने ओव्हन उघडला, ओट्यावरचं पातळ फडकं घेतलं आणि ट्रे सरळ बाहेर काढून ठेवला, काही घाई नाही, गडबड नाही. मला इतकं बरं वाटलं. स्वयंपाकघरात ती आहे आणि मी तिच्या मागे उभी आहे, माझं डोकं तिच्या दंडापर्यंत येतंय, असं काहीतरी क्षणभर वाटलं. खरं तर आता मी तिच्याहून चांगली चार बोटं उंच आहे.

आम्ही समोरासमोर बसलो. ताईने काट्याने कवचावर टकटक केलं, आवाज ऐकला. मग तुकडा कापून आडवा धरून आत पाहिलं. मग खाल्ला. ती खाताना मी तिच्याकडे बघत होते आणि मला कळलं की लहानपणी ती माझ्याकडे बघायची ते नुसतं बघणं नव्हतं. पोट भरण्याचा तिचा तो वाटा होता.

"बदाम," ती म्हणाली.

"हो."

"मैदा नाही. साखर नाही, टोमॅटो भाजलेत. आणि हे काय, स्पगेटीचं सोंग?"

"झुकिनी."

ती आणखी एक घास खाऊन सावकाश चावत राहिली. "कोंबडी चांगली शिजलीये. टोमॅटो तर माझ्याहून बरे. पण खारू, हे ते नाही."

"माहितीये."

"ते मला फार आवडायचं. मी घरी आणायचे तेव्हा वाटेत एका कोपऱ्यावर उभी राहून एक तुकडा खायचे. दर वेळी नाही. कधीतरी. मग घरी येऊन सांगायचे, भूक नाही." ती हसत होती. "वाटायचं तुला कळेल."

इतकी वर्षं मी तिच्या उपासाचं ओझं वाहत होते आणि तिच्याकडे त्या एका तुकड्याचं होतं. तिने काटा खाली ठेवला.

"किती आहे?"

"काय किती?"

"वेड पांघरू नकोस. मैदा नाही, साखर नाही. साखर किती आहे माझी?"

"अकरा पूर्णांक दोन," मी म्हणाले. पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाले. "रिपोर्ट तिथेच पडलाय ताई. दहा-अकरा दिवस झाले. का नेला नाहीस?"

"तू आणशील म्हणून."

"मी?"

"माझ्या गल्लीत तीन लॅब आहेत," ताई म्हणाली. "डॉक्टर म्हणाले कुठेही करा. मी दोन बस बदलून तुमच्याकडे आले. खाली काकांना विचारलं, अमुक अमुक बाई अजून असतात का इथे? म्हणाले, असतात, वर. बोलावू का? मी म्हटलं नको, कामात असेल. पूर्ण नाव लिहून दिलं, मधलं पण." तिने पाण्याचा ग्लास पुढे ओढला. "म्हटलं बघू. निदान रक्त तरी भेटेल."

ग्लास उचलला तेव्हा मला तिचं बोट दिसलं. उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक आणि अंगठ्याची कड पांढरी पडून फुगली होती, टोकावर पाण्याने भरलेला फोड. ट्रे. ते फडकं पातळ होतं, आणि तिथपर्यंत पोचलंही नव्हतं. ट्रे दोनशे अंशांवरून बाहेर आला होता आणि तिने तो काचेचा ग्लास ठेवावा इतका शांतपणे ठेवला होता.

"ताई, बोट."

तिने बोट बघितलं, दुसऱ्या कुणाचं बघावं तसं. "आचाऱ्याचे हात आहेत गं. सवय असते."

"ही सवय नाही."

मी तिला उठवून नळापाशी नेलं, बाही वर सारली आणि धार तिच्या बोटांवर सोडली. ती म्हणाली, "बस झालं." मी म्हणाले, "वीस मिनिटं." "कोण म्हणतं?" "मी म्हणते." तिने हात तसाच धारेखाली ठेवला. माझ्याकडून कुणी काही ऐकून घ्यावं, तेही ताईने, याची मला सवय नव्हती. तिचं मनगट माझ्या हातात होतं, जुन्या ठिपक्यांसकट, आणि नाडी अंगठ्याखाली उडत होती. शेजारी टेबलावर ताटं गार होत होती. मी म्हणाले, "उद्या मी येते तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे. पाय दाखवायचे, डोळे दाखवायचे. औषध सुरू करायचं. रोज सकाळी मी फोन करणार, तू आकडा सांगायचा." "रोज?" "रोज." "डोकं खाशील." "खाईन." थोड्या वेळाने मी म्हणाले, "त्या दिवशी मी मॅनेजर म्हणाले ते..." ताई म्हणाली, "ऐकलंय मी ते. तिथेच होते." आणि तिने दुसऱ्या हाताने माझ्या कपाळावरची बट मागे सारली, कोरड्या हाताने. मग तोही हात धारेखाली आणला, बहुधा मला बरं वाटावं म्हणून.

पाणी वाहत होतं. माझी बोटं बधिर व्हायला लागली होती, सांधे ठणकत होते. तिचा हात मी सोडला नाही. ताई वाकून धारेकडे बघत होती, लक्ष देऊन, रश्श्याला उकळी आली का बघावं तशी. मग तिने हळू आवाजात, जरा लाजल्यासारखं विचारलं, "खारू, पाणी गार आहे का गं?"

"हो," मी म्हणाले. "खूप गार आहे."